पाळी जाण्याच्या वयात त्वचेची काळजी : सुरुवात कुठून करायची

पंचेचाळिशी आली की बायकांच्या गप्पांत काही वाक्यं हमखास ऐकू येतात. "साबण तोच आहे, पण हल्ली आंघोळ झाली की अंग ओढल्यासारखं होतं." "कॉलेजात कधी पिंपल आला नाही, तो आता हनुवटीवर येतोय." "नडगीवर नख ओढलं तर पांढरी रेघ उठते." मग एक मैत्रीण नाइट क्रीम सुचवते, वहिनी कसलं तरी सीरम आणून देते, पार्लरवाली ताई महिन्याला फेशियल करायला सांगते आणि बघता बघता बाथरूमची फळी बाटल्यांनी भरून जाते. त्वचा मात्र जास्तच चिडलेली.

इथे उलट्या बाजूने सुरुवात करू. आधी फळी रिकामी करायची, मग तीन-चार गोष्टी एकेक करून आणायच्या. या वयात त्वचा पातळ आणि नाजूक होत जाते, तिला मोजकं आणि नेमाने केलेलंच मानवतं.

आत काय चाललंय

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं डॉक्टर धरतात. भारतात याचं सरासरी वय ४६-४७ आहे, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. पण त्वचा त्या बारा महिन्यांसाठी थांबत नाही. पाळी मागेपुढे व्हायला लागते, तेव्हापासूनच इस्ट्रोजेन हे बायकांच्या अंगातलं मुख्य हार्मोन वरखाली होत उतरणीला लागतं आणि त्याचा परिणाम दिसू लागतो. त्वचेतलं तेल कमी होतं, पाणी धरून ठेवायची ताकद कमी होते, जखम भरायला वेळ लागतो. त्वचेला घट्टपणा देणारं कोलॅजन पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत सुमारे ३० टक्क्यांनी घटतं आणि पुढे वर्षाला साधारण २ टक्के कमी होत राहतं. म्हणजे "अचानक म्हातारी दिसायला लागले" हे नुसतं मनाचं म्हणणं नसतं.

इस्ट्रोजेन उतरलं की अंगातल्या पुरुषी हार्मोनचा जोर तुलनेने वाढतो. जबड्याच्या कडेचे फोड आणि हनुवटीवरचे राठ केस त्यातूनच येतात. काहींना अंगावर मुंग्या चालल्यासारखं वाटतं, पुरळ मात्र कुठेच नसतं. घरचे हसतात, पण हे या काळातलं माहितीतलं लक्षण आहे.

गर्भपिशवी काढलेल्या बायकांनी एक गोष्ट तपासून घ्यावी. ऑपरेशनमध्ये बीजांडकोशही काढले असतील, तर हे सगळं वयाची वाट न बघता लगेच सुरू होतं, मग तुम्ही पस्तिशीच्या का असेनात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या कमी वयातल्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तेव्हा चर्चा बरीच झाली. पण त्यानंतर दिवसभर उन्हात राबणाऱ्या त्या बायकांच्या हाडांचं आणि कातडीचं काय होतं, यावर फारसं कोणी बोललं नाही. बीजांडकोश ठेवले असतील तर पाळी नसली तरी हार्मोन चालू असतात, त्यामुळे महिने मोजून काही कळत नाही. जुनं डिस्चार्ज कार्ड शोधा, त्यात लिहिलेलं असतं.

पायरी पहिली : फळी रिकामी करा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त टाळली जाते तीही हीच.

घरातली प्रत्येक ट्यूब हातात घ्या आणि मागचं बारीक अक्षर वाचा. चष्मा लावा, हवं तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करून बघा. बीटामेथाझोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. "डाग जायची क्रीम" म्हणून दुकानदाराने दिलेल्या, शेजारणीने सुचवलेल्या कितीतरी ट्यूबांमध्ये हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनच्या जोडीला स्टेरॉइड असतं. पहिल्या पंधरवड्यात चेहरा उजळतो, सगळे विचारतात काय लावतेस. काही महिन्यांनी गालावर बारीक लाल शिरा दिसू लागतात, फोड येतात, उन्हात गेलं की आग होते, आणि क्रीम बंद करताच चेहरा लालबुंद होतो म्हणून ती पुन्हा सुरू होते. पाळी गेल्यावर त्वचा आधीच पातळ होत असते, तिला स्टेरॉइड आणखी पातळ करतं. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती सहज मिळतात. तुम्ही अशी क्रीम बरेच महिने लावत असाल तर एकदम बंद करू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून हळूहळू सोडवा.

ज्या क्रीमवर घटकांची यादीच नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, ती सरळ टाकून द्या. गोरं करणाऱ्या अशा काही क्रीममध्ये पारा सापडलेला आहे, आणि पारा कातडीतून आत जाऊन मूत्रपिंडांना इजा करतो.

आता स्वयंपाकघराकडे. लिंबू, खायचा सोडा आणि टूथपेस्ट चेहऱ्यावर नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर अक्षरशः भाजल्यासारखे चट्टे उठतात. उटणं दिवाळीत चार दिवस ठीक आहे, रोज घासायचं असेल तर या वयाच्या त्वचेला ते खरखरीत पडतं. मुलतानी माती तेल शोषते, आणि तुमच्याकडे तेलाचीच टंचाई आहे.

दोन वस्तू फळीवर नसतात म्हणून सुटतात. पहिली टिकली. तिच्या मागच्या डिंकात काही वेळा पॅरा-टर्शरी ब्युटिल फिनॉल नावाचं रसायन असतं, ते रंग तयार करणाऱ्या पेशीच मारतं. कपाळाच्या मधोमध आधी खाज येते, मग बरोब्बर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग उमटतो. बाई तो झाकायला आणखी मोठी टिकली लावते आणि डाग तिच्याबरोबर वाढतो. खाज सुटली त्या दिवशीच टिकली बंद करा. रात्री झोपताना तर ती काढायचीच, आरशाला चिकटवून ठेवायची जुनी सवय इथे कामाची आहे.

दुसरी वस्तू केसांचा डाय आणि "काळी मेंदी". पांढरे केस आणि हा काळ बरोबरच येतात, त्यामुळे डायचं प्रमाण वाढतं. त्यातल्या पीपीडी या रसायनाची अनेकांना अॅलर्जी होते, आणि ती दरवेळी सूज आणि खाज होऊनच कळते असं नाही. कपाळाच्या कडेला, कानशिलावर, मानेवर हळूहळू करडा-काळपट रंग चढत जातो आणि लोक त्याला वांग समजून क्रीम चोळत बसतात. नैसर्गिक मेंदी लालसर-केशरी रंगते. मेंदी म्हणून विकलेलं काही तासाभरात कुळकुळीत काळं रंगत असेल तर त्यात रंग मिसळलेला आहे.

पायरी दुसरी : आंघोळ बदला

कडकडीत पाणी अंगावर घेतल्याशिवाय आंघोळ झाल्यासारखं वाटत नाही, असं म्हणणाऱ्या बायका विदर्भात आणि खानदेशात थंडीत भरपूर भेटतात. पण खाजेचं मोठं कारण तेच असतं. पाणी कोमट हवं, आंघोळ पाच-दहा मिनिटांत आटोपावी. नेहमीच्या वडीच्या साबणाचा सामू (पीएच) ९ ते १० च्या आसपास असतो, त्वचेचा ५ च्या आसपास. तरुणपणी त्वचा हा फरक भरून काढते, आता तिला ते जड जातं. साबण काखेत, जांघेत आणि पायांना पुरे. हात, पाठ, नडग्या नुसत्या पाण्याने स्वच्छ होतात. अंगभर साबण हवाच असेल तर औषधांच्या दुकानात सिंडेट बार, म्हणजे साबण नसलेली अंग धुण्याची वडी मागा, ती सौम्य असते. वज्रीने फक्त टाचा घासाव्यात, बाकी अंगाला तिची गरज नाही.

चेहरा दिवसातून दोनदा धुवा. सकाळी नुसतं पाणी मारलं तरी चालतं.

पायरी तिसरी : ओलं असतानाच लावा

मॉइश्चरायझर कुठलं, यापेक्षा ते कधी लावता याने जास्त फरक पडतो. टॉवेलने अंग टिपायचं, रगडायचं नाही. अंग जरासं ओलं असतानाच, तीनेक मिनिटांच्या आत लावायचं. कपडे घालून, देवपूजा करून, चहा टाकून मग आठवण झाली तर त्यातलं निम्मं वाया.

घटकांच्या यादीत ग्लिसरीन, सेरामाइड, लिक्विड पॅराफिन किंवा व्हाइट पेट्रोलियम जेली यांपैकी काही असलं की काम भागतं. सुगंधी लोशन खाजणाऱ्या त्वचेला टाळा. खर्च करायचा नसेल तर साधी पेट्रोलियम जेली पाणी अडवण्यात बहुतेक महागड्या डब्यांना मागे टाकते. ती चिकट लागते, एवढीच तिची तक्रार. अंगाला खोबरेल तेलही चांगलं. चेहऱ्याला, विशेषतः फोड येत असतील तर, खोबरेल लावू नका, रंध्रं बुजतात. मोहरीचं तेल मात्र कोरड्या त्वचेला नको, ते वरचा संरक्षक थर बिघडवतं.

टाचांच्या भेगांना कोकणात आणि गोव्यात कोकमाचं तेल, म्हणजे भिरंडेल, किंचित पातळ करून भरतात. उत्तम उपाय आहे. कातडी फार जाड झाली असेल तर १० ते २० टक्के युरिया असलेली क्रीम रात्री लावून वर सुती मोजे घाला. भेगेतून रक्त येत असेल तर आधी ती भरू द्या, उघड्या भेगेत युरिया झोंबतो. मधुमेह असलेल्यांनी टाचा ब्लेडने खरवडू नयेत.

या तीन पायऱ्या महिनाभर करा. तोपर्यंत नवीन काही आणू नका.

पायरी चौथी : ऊन

सावळ्या त्वचेला सुरकुत्या उशिरा पडतात, हे आपलं भाग्य. पण डाग लवकर पडतात आणि जाता जात नाहीत. गालांवरचा, वरच्या ओठावरचा वांग पाळी गेल्यावर काहींचा आपोआप फिका होतो, काहींचा होत नाही, आणि तो टिकवून ठेवण्यात सगळ्यात मोठा हात उन्हाचा असतो.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा ५० चं (हा आकडा अतिनील-ब किरणांसाठीचा) आणि पीए+++ (ही खूण अतिनील-अ किरणांसाठीची) लिहिलेलं घ्या. ३० चं सुमारे ९७ टक्के अतिनील-ब किरण अडवतं, ५० चं ९८ टक्के, म्हणजे आकड्यासाठी दुप्पट पैसे मोजायची गरज नाही. लावायचं प्रमाण मात्र मोजा. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर बुडापासून टोकापर्यंत रेघ ओढा. चेहरा आणि मान मिळून तेवढं लागतं. बहुतेकजणी याच्या पाव भागात भागवतात आणि मग सनस्क्रीनचा उपयोग नाही म्हणतात. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. खिडकीच्या काचेतून अतिनील-अ किरण आत येतात, त्यामुळे बसमध्ये खिडकीकडे बसणाऱ्यांनाही ते हवंच.

वांग असेल तर रंगीत, म्हणजे टिंटेड सनस्क्रीन मागा आणि त्यात आयर्न ऑक्साइड आहे का बघा. वांग नुसत्या अतिनील किरणांनी वाढत नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वाढतो, आणि पांढरं सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही. शेगडीची धगही वांगाला मानवत नाही. पोळ्या करताना तव्यावर वाकून उभं राहायची सवय असेल तर खिडकी उघडा आणि दोन पावलं मागे सरका.

आणि सनस्क्रीन परवडत नसेल तर? खुरपायला जाणाऱ्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात, डोक्यावरून रुमाल घेऊन हनुवटीखाली गाठ मारतात. दोन तासांनी पुन्हा लावायची भानगड नसलेलं याहून स्वस्त संरक्षण मला माहीत नाही. शहरात छत्री पावसाळ्यानंतरही बॅगेत राहू द्या.

पायरी पाचवी : औषध एकच, तेही सावकाश

आता, आणि आताच, एखादं काम करणारं औषध. सुरकुत्या, फोड आणि डाग या तिन्हींवर ज्याचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे तो वर्ग म्हणजे रेटिनॉइड, अ जीवनसत्त्वाशी नातं असलेली औषधं. ०.०२५ टक्के ट्रेटिनॉइन डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. फोडच जास्त असतील तर अनेकदा ०.१ टक्के अॅडापलिन देतात.

लावायची रीत अशी. रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या. आधी मॉइश्चरायझर, मग मटाराच्या दाण्याएवढं औषध सगळ्या चेहऱ्याला मिळून, मग हवं तर पुन्हा मॉइश्चरायझर. डोळ्यांचे, ओठांचे आणि नाकपुड्यांचे कोपरे सोडा. पहिले काही आठवडे आठवड्यातून दोनच रात्री, मग त्वचा साथ देईल तसं वाढवा. थोडी कातडी सुटणं अपेक्षित आहे. आग होत असेल तर चार दिवस थांबा. फरक दिसायला किमान तीन महिने लागतात. बऱ्याचजणी सहाव्या आठवड्यात सोडून देतात, म्हणजे नेमका त्रास भोगून फायदा व्हायच्या आधी.

पाळी अनियमित असली तरी गर्भ राहू शकतो, आणि रेटिनॉइड गरोदरपणात वापरत नाहीत. तशी शक्यता असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. त्यांना अॅझेलिक अॅसिडसारखा दुसरा पर्याय देता येतो. ज्यांना रेटिनॉइड सोसतच नाही त्यांनी ४-५ टक्क्यांचं नायसिनामाइड वापरून बघावं, ते सौम्य आहे.

पार्लरला जाण्याआधी काही दिवस रेटिनॉइड बंद ठेवा. ते लावलेल्या चेहऱ्यावर वॅक्स केलं तर मेणाबरोबर कातडीही निघते. हनुवटीवर चार-सहाच राठ केस असतील तर छोट्या कात्रीने कापणं किंवा चेहऱ्याच्या रेझरने काढणं सगळ्यात निर्धोक. रेझरने केस दाट होतात हा निव्वळ गैरसमज आहे. लेसर काळ्या केसांवर चालतं, पांढऱ्यावर नाही. तेव्हा पॅकेजचे पैसे भरायच्या आधी आरशात नीट बघा.

कुठलंही नवीन उत्पादन आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून पाहा. कोलॅजनच्या पावडरींविषयी सगळ्या विचारतात. माझं मत, ते पैसे डाळ, उसळी, अंडी आणि दह्यावर घाला. हार्मोनच्या गोळ्या किंवा जेल नुसत्या त्वचेसाठी देत नाहीत. वाफा, घाम, झोप उडणं यांचा त्रास असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ तुमचा इतिहास बघून ठरवतात.

घड्या आणि नाजूक जागा

अंगात वाफा आल्या की घाम फुटतो आणि स्तनांखाली, जांघेत, पोटाच्या वळीत साचतो. कोकणातल्या दमट हवेत तिथे नायटा व्हायला वेळ लागत नाही. त्या जागा कोरड्या ठेवा, ब्रा आणि परकर सुती घ्या, नाडी रोज त्याच रेषेवर करकचून बांधू नका. गोल, कडेने लाल पुरळ आलं तर "खाजेची मलम" म्हणून मिळणारी मिश्र ट्यूब लावू नका. तिच्यातलं स्टेरॉइड खाज दाबतं आणि नायटा आतल्या आत पसरतो.

योनीमार्ग कोरडा पडणं, लघवीच्या जागी आग, संबंधांच्या वेळी दुखणं याबद्दल कोणी बोलत नाही, पण हे फार जणींना होतं. वाफा काही वर्षांनी ओसरतात, हा कोरडेपणा उपचार न करता सहसा जात नाही. बाहेरचा भाग नुसत्या पाण्याने धुवा. सुवासिक वॉश, साबण, डेटॉल काही नको. योनीमार्गासाठीचं मॉइश्चरायझर आणि वंगण जेल चिठ्ठीशिवाय मिळतं, आणि त्याने भागलं नाही तर डॉक्टर इस्ट्रोजेनची क्रीम अगदी थोड्या प्रमाणात देतात. तिथली कातडी पांढरी, चुरगळलेल्या कागदासारखी दिसत असेल आणि रात्री खाजेने झोप लागत नसेल तर तो वेगळा आजार असू शकतो, तपासून घ्या.

डॉक्टरांकडे कधी

मानेची मागची बाजू आणि काखा काळवंडून मखमलीसारख्या जाड झाल्या, तर बायका मळ समजून दगडाने घासतात. तो मळ नसतो. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते, बरोबर बारीक चामखिळीही येतात. घासणं बंद करा आणि उपाशीपोटीची साखर व एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) तपासा. त्वचा फारच कोरडी, केस गळतायत, वजन वाढतंय, थंडी सोसत नाही, असं एकत्र असेल तर थायरॉइडची टीएसएच चाचणी करा. सगळं पाळी जाण्याच्या खात्यावर टाकू नका. केस नुसतेच गळत असतील तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) बघा.

तळवा, तळपाय किंवा नखाखाली नवा काळा डाग आला, असलेला तीळ वाढू लागला, त्याच्या कडा वेड्यावाकड्या झाल्या किंवा एखादी जखम महिनाभर भरली नाही, तर थांबू नका. चेहऱ्यावर झपाट्याने दाट केस आणि आवाज घोगरा होणं, हेही तातडीने दाखवायचं. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं तरी आधी स्त्रीरोगतज्ज्ञ गाठा, बाकी सगळं नंतर.

त्वचेचा डॉक्टर निवडताना पाटीवर त्वचारोगातली एम.डी., डी.व्ही.डी. किंवा डी.डी.व्ही.एल. आहे का पाहा. "स्किन क्लिनिक" एवढ्या दोन शब्दांना काही अर्थ नाही. खासगी परवडत नसेल तर पुण्यात ससून, मुंबईत केईएम, जेजे, नागपुरात मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) इथे त्वचारोग विभागाची ओपीडी चालते, गर्दी धरून चला. जाताना चेहऱ्याला पावडर, कुंकू, सनस्क्रीन काही लावू नका. घरातल्या सगळ्या ट्यूबा, तेलं, डायचं खोकं, टिकल्यांचं पाकीटसुद्धा एका पिशवीत भरून न्या, आणि पाळीची शेवटची तारीख कागदावर लिहून ठेवा, कारण पहिला प्रश्न तोच येतो.